चार टिपांचं ब्लाउज आणि साडेतीन स्टार

गेल्या आठवड्यात मी जाते त्या खाण्याच्या आजारांच्या क्लिनिकमधून मेसेज आला : 'आमची सेवा आवडली असल्यास पाच स्टार द्या.' आवडली नसल्यास काय द्यायचं ते लिहिलं नव्हतं. माझ्या दुकानात बायका ब्लाउज घालून बघतात, हात वर करून बघतात, मग बोलतात. मीही अकरा महिने घालून बघितलंय. तेव्हा आता बोलते.

क्लिनिकचं नाव लिहिणार नाही. एक तर मी अजून तिथेच जाते. दुसरं म्हणजे ज्यांनी चूक केली त्यांनीच ती नंतर निस्तरली. नाव घातलं तर लोक पहिला अर्धा भाग वाचून फॉरवर्ड करतील. ठाणे स्टेशनवरून रिक्षाने दहा-बारा मिनिटं, दुसरा मजला, एवढं पुरे. माझे वजनाचे आकडेही लिहिणार नाही. हा आजार असलेली बाई वाचत असेल तर ती दुसऱ्याचा आकडा पाठ करते आणि त्याच्याशी शर्यत लावते. मी लावायचे.

मी डोंबिवली पूर्वेला ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, एकवीस वर्षं झाली. वय एक्केचाळीस. लहानपणापासून जाडी. जाड म्हटलेलं मला चालतं, 'हेल्दी' म्हटलेलं नाही चालत. इंचटेप अंगाला लागला की दहातल्या नऊ बायका पोट आत घेतात आणि स्वतःच सांगायला लागतात, 'ताई, जरा सुटलेय हं.' ज्या बाईंकडे मी शिकले त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या होत्या. माप घेताना तोंड बंद, आकडा वहीत लिहायचा, मोठ्याने म्हणायचा नाही. आणि शिवणीत माया सोडायची, कापून टाकायची नाही. बाई आज आहे तेवढीच उद्या असेल असं धरून चालायचं नाही. या दोन्ही गोष्टी पुढे येणार आहेत.

माझ्या आजाराची सुरुवात संकष्टीने झाली. मग दोन्ही एकादश्या, मग सोमवार, मग गुरुवार. उपासाचं एक बरं असतं, का जेवत नाहीस असं कोणी विचारत नाही, उलट कौतुक होतं. घरी उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. माझा उपास म्हणजे ताक आणि अर्धं केळं. उरलेल्या दिवशी एक भाकरी, तीही सगळ्यांना वाढून झाल्यावर, उभ्याने. कुणाच्या बारशाला, हळदीकुंकवाला आग्रहाने खावं लागलं तर घरी येऊन बाथरूमचा नळ मोठा सोडायचा. याहून जास्त सांगत नाही, कळणाऱ्यांना कळेल.

आणि लोक! सात महिन्यांत मला जेवढ्या लोकांनी छान म्हटलं तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत मिळून म्हटलं नव्हतं. जाऊबाई फोटो काढून माहेरी पाठवायच्या. गिऱ्हाइकं डाएट विचारायची आणि मी मापाच्या वहीचं मागचं पान फाडून लिहून द्यायचे. किती पानं दिली असतील देव जाणे. त्यांची मला आजही लाज वाटते.

त्याच काळात मे महिन्यात मी दुकानात स्वेटर घालून बसायचे. मशीनच्या पाट्यावर केस पडायचे, ते टिपेखाली शिवले जायचे. सुईत दोरा ओवताना हात थरथरायचा म्हणून मुलीला बोलवायचे. पाळी पाच महिने नव्हती. एका डॉक्टरांनी नाडी धरली, पन्नासच्या खाली होती, तर म्हणाले, 'वा, खेळाडूसारखं हार्ट झालंय, चालू ठेवा.' पाळीसाठी दुसरीकडे गेले, तिथल्या मॅडमनी माझ्याकडे एकदा वरून खाली बघून पीसीओडी सांगितलं आणि वजन कमी करायला सांगितलं. मी म्हटलं, खूप कमी झालंय. त्या म्हणाल्या, अजून करा.

पहिल्यांदा विचारलं ते दाताच्या डॉक्टरांनी. गार पाणी दाताला झोंबतं म्हणून गेले होते. खुर्ची आडवी, तोंड उघडं, दिवा दातांवर. छोटा आरसा घालून त्यांनी वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू बराच वेळ बघितली. मग मदतनीस मुलीला चहा आणायला पाठवलं आणि हळू आवाजात विचारलं, 'ताई, उलट्या होतात का? की काढता?' पोटातलं आम्ल वर येत राहिलं की दात त्याच बाजूने झिजतात म्हणे. मी रडले. मग म्हटलं, पण डॉक्टर, हा तर बारीक मुलींचा आजार ना? ते म्हणाले, 'दातांना कसं कळणार तुम्ही जाड की बारीक.' त्यांनीच या क्लिनिकचा पत्ता दिला. आणि उलटीनंतर लगेच ब्रश करायचा नाही, पाण्यात खायचा सोडा घालून चूळ भरायची, हेही सांगितलं. मी इतके दिवस उलट करत होते.

आता क्लिनिक.

आत शिरल्याबरोबर दिसतात त्या खुर्च्या, सगळ्या हातांच्या. जाड माणसाला असली खुर्ची म्हणजे आधी डोळ्यांनी माप घेणं आलं : मावेन का, मावले तर उठताना खुर्ची सोबत येईल का. मी कडेवर टेकून बसले. समोरच्या भिंतीवर बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा, रंगीत तक्ता, हिरवा, पिवळा, लाल. आपल्याकडचे तक्ते बाहेरच्यापेक्षा कडक असतात. जगात पंचवीसपासून जास्त धरतात, भारतीयांसाठी तेविसापासून, आणि पंचविसाला आपण थेट लठ्ठ. मी बसल्या जागेवरून लाल रंगात होते. वजनकाटा पॅसेजमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत. सिस्टरनी मला उभं केलं आणि आकडा तिथूनच टेबलापर्यंत ओरडून सांगितला. चार माणसांनी माना वर केल्या. आकडा वहीत लिहायचा, मोठ्याने म्हणायचा नाही, हे मला विसाव्या वर्षी शिवणकामात शिकवलं होतं. इथे तर खाण्याच्या आजाराचं क्लिनिक आहे, अशी पाटी बाहेर आहे.

बीपीचा पट्टा दंडाला पुरेना. ओढून-ताणून बांधला, रीडिंग जास्त आलं, फाइलवर 'बीपी?' असं लिहिलं गेलं. पट्टा छोटा पडला की बीपी खोटं जास्त दाखवतं हे मला खूप नंतर कळलं. मापाला टेप आखूड पडला तर आम्ही दुसरा आणतो, दंड आवळत नाही.

मग एक ज्युनिअर मॅडम, फॉर्म घेऊन. स्वभावाने गोड मुलगी, पण फॉर्मातले निम्मे प्रश्न किती खाता, कधी खाता, लपून खाता का, थांबता येत नाही का, असे. किती खात नाही याचा एकच प्रश्न, तोही तिने माझ्याकडे न बघता वगळला. दिवसभराचं खाणं सांगा म्हणाली. मी सांगितलं : सकाळी कोरा चहा, दुपारी ताक, संध्याकाळी एक भाकरी. तिने लिहिलं, पेन थांबवलं आणि वाट बघितली. मग म्हणाली, 'आणि रात्री?'

काही नाही, मी म्हटलं.

'काकू, इथे लाजायचं नसतं.'

त्या 'आणि रात्री?'चा राग मला अजून आहे. माझं शरीर समोर बसून माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं आणि तिचा त्याच्यावर विश्वास होता. फाइलवर पडलं : 'ओबेसिटी. बिंज ईटिंग?' म्हणजे लठ्ठ, आणि हात न आवरता एकदम भरपूर खाते की काय. ते प्रश्नचिन्ह पुढच्या टेबलावर पोचेपर्यंत गळून गेलं. आहारतज्ज्ञ मॅडमनी छापील कागद दिला. एक फुलका, तूप नाही, भात बंद, जेवणाआधी दोन ग्लास पाणी, सात वाजल्यानंतर काही नाही, भूक लागली तर काकडी.

खरं सांगू? मी खूश झाले. जे मी चोरून करत होते ते आता लेटरहेडवर होतं, सहीशिक्क्यासह. फ्रिजवर लावला कागद. मिस्टरांनी वाचला आणि म्हणाले, 'तू खातेस त्यापेक्षा हे जास्तच आहे की गं.' तेही मला खटकलं, म्हणून त्यातलाही फुलका मी काढला. सतराव्या दिवशी डोंबिवलीच्या पुलाच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि खाली बसले. एका फुलवालीने पाणी दिलं आणि हातात चिक्की ठेवली. ती मी पर्समध्ये टाकली, खाल्ली नाही. पर्समध्ये महिनाभर होती.

तिसऱ्या वेळी गेले तेव्हा बाकावर (पॅसेजच्या टोकाला एक बाक आहे, हात नसलेलं, ते तेव्हाच सापडलं) शेजारी एक मुलगी होती. इंजिनिअरिंगची, हातात सुरकुतलेली फाइल, मनगट माझ्या अंगठ्याएवढं. तिच्याही हातात आहाराचा कागद. मी चोरून वाचला आणि तिने मला वाचताना पकडलं. हसली, म्हणाली, 'काकू, बघा ना, केवढं खायला सांगतात.' आम्ही कागद अदलाबदल केले. तिच्यात दिवसाला तीन जेवणं, तीन मधली खाणी, पोळीला तूप, दुधावरची साय काढायची नाही, जेवणाआधी पाणी प्यायचं नाही कारण पोट खोटं भरतं, जेवल्यावर तासभर बाथरूमला एकटं जायचं नाही. तेच लेटरहेड. तीच सही. तिने माझा कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, 'पण काकू, मी घरी हेच करत होते. हेच बंद करायला मला इथे आणलंय.'

ती हसत नव्हती. मला मात्र हसू आलं, कसलं ते माहीत नाही.

त्या दिवशी मी मोठ्या डॉक्टर मॅडमना भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणून बसले. दीड तास बसले. पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली. आणि त्या वेळेला मी पिशवीतून ब्लाउज घेऊन गेले.

हे ब्लाउज खणाचं, हिरवं, लाल काठाचं, आदल्या दिवाळीला स्वतःसाठी शिवलेलं. बाजूच्या शिवणीत सवयीने दोन्हीकडे भरपूर माया सोडलेली. ते सैल झालं की मी आत एक टीप मारायचे. मग पुन्हा सैल, पुन्हा टीप. बोलणं मला जमणार नाही हे माहीत होतं, म्हणून ते उलटं करून टेबलावर पसरलं. एकाआत एक चार टिपा, नांगरल्यासारख्या. पहिल्या दोन हिरव्या दोऱ्याच्या, नीट सरळ. तिसरी काळ्या दोऱ्याची, रीळ बदलायचा कंटाळा आला होता. चौथी वाकडी, दोन ठिकाणी सुटलेली. तेव्हा हात थरथरायचा. मी बोट ठेवून सांगत गेले : संक्रांत, गुढीपाडवा, वटपौर्णिमा, नागपंचमी.

डॉक्टर मॅडमनी चष्मा काढला. काखेपासून कंबरेपर्यंत बोटाने एकेक टीप मोजली, पहिल्या आणि चौथ्या टिपेतलं अंतर स्केलने मोजलं. मग फाइल उघडून पहिल्या दिवसाचं पान वाचलं. बराच वेळ वाचलं. 'इथे तुमचं आजचं वजन आहे,' त्या म्हणाल्या. 'किती उतरलं, किती दिवसांत उतरलं, हे कुणी विचारलेलंच नाही.' आणि मग : 'चुकलं आमचं.'

कुठल्याही डॉक्टरच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. साडेतीनातले दोन स्टार या दोन शब्दांचे.

त्यानंतर पाऊण तासात जे झालं ते पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. आधी आडवं झोपवून नाडी आणि बीपी, मग उभं करून. मोठा पट्टा कपाटात होता, म्हणजे होता, काढत नव्हते. उभं राहिल्यावर बीपी झपकन खाली गेलं. ईसीजी काढला, हृदय सावकाश चाललेलं, खेळाडूबिळाडू काही नाही, उपाशी. रक्तात पोटॅशियम कमी निघालं, ते उलट्यांमुळे. फॉस्फरसही तपासला, कारण उपाशी राहिलेल्या माणसाने एकदम भरपूर खायला घेतलं तर फॉस्फरस कोसळून जिवावर बेतू शकतं. हा धोका जाड अंगाला चुकत नाही. खाणं हळूहळू वाढवायचं आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं ठरलं.

आजाराचं नाव बदललं. अॅटिपिकल अॅनोरेक्सिया. अॅनोरेक्सिया म्हणजे वजन वाढायच्या भीतीने स्वतःला उपाशी ठेवायचा आजार. माझ्यात लक्षणं सगळी त्याची, फक्त वजन 'कमी' म्हणण्याइतकं खाली आलेलं नाही. मॅडमनी समजावलं की अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात हे २०१३ साली घातलं गेलं. त्याआधीच्या व्याख्येत अपेक्षित वजनाच्या ८५ टक्क्यांखाली आणि पाळी बंद, अशी मोजपट्टी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात मोठ्या माणसांत अॅनोरेक्सियासाठी अजूनही सहसा बीएमआय १८.५ च्या खाली लागतो, वजन फार झपाट्याने उतरलं असेल तरच त्यातून सूट. मी विचारलं, अॅटिपिकल म्हणजे दुर्मीळ का? त्या म्हणाल्या, नाही हो, नाव चुकलंय, असे पेशंट भरपूर असतात, आमच्यापर्यंत पोचत नाहीत एवढंच. अमेरिकेत किशोरवयीन पेशंटवर झालेला २०१९ सालचा एक अभ्यास त्यांनी सांगितला. दाखल होताना वजन किती आहे यापेक्षा किती वजन घटलं आणि किती वेगाने घटलं, यावरून तब्येत किती बिघडलीय ते जास्त नेमकं कळतं. मी ब्लाउजाची घडी घालता घालता ऐकत होते.

ब्रिटनमध्ये सरकारी मार्गदर्शक सूचनांत २०१७ पासून लिहिलंय की नुसता बीएमआय किंवा आजार किती जुना आहे, असल्या एकाच मापावरून उपचार द्यायचे की नाही हे ठरवू नका. तरी २०१८ मध्ये तिथल्या होप व्हर्गो या तरुणीला 'वजनकाटे फेकून द्या' अशी मोहीम काढावी लागली. म्हणजे कागद एक आणि पॅसेजमधला काटा एक, हे तिकडेही आहेच.

आता मानसशास्त्रज्ञ मॅडमबद्दल, कारण क्लिनिकमधली सगळ्यात चांगली गोष्ट त्या आहेत. त्यांची पद्धत ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बसवलेली, खाण्याच्या आजारांसाठीची सीबीटी, म्हणजे बोलून बोलून विचार आणि सवयी बदलायचा उपचार. काय खाल्लं, कधी, तेव्हा मनात काय होतं, याची वही ठेवायची. मला वही ठेवायची सवयच. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत त्यांनी मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात छत्तीस धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. सगळे स्वखुशीने आलेले, युद्धात बंदूक धरायला नकार दिलेले. त्यांना थंडी वाजायची, ते चिडचिडे झाले, एकेक जेवण तास-दोन तास पुरवायचे. आणि ज्यांना स्वयंपाकघरात कधी रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले.

मी वही मिटली. त्या सात महिन्यांत रात्री एक-दीडपर्यंत मी मोबाइलवर पुरणपोळी बघायचे. खांडवी, सांदणं, अळूवडी, कधी न केलेले पदार्थ. घरात सगळ्यांना करून घालायचे आणि समोर बसून त्यांना खाताना बघायचे. मला वाटायचं आपण हावरट आहोत, म्हणून अजून कमी खायला हवं. हावरटपणा नव्हता तो, भूक होती. जाड माणसालाही भूक लागते आणि उपाशी ठेवलं की त्याचंही डोकं त्या पोरांसारखंच फिरतं, हे सांगायला कोणीतरी भेटावं लागलं.

आणि पुढची गंमत ऐका. तो प्रयोग करणारे शास्त्रज्ञ अँसल कीज. 'बॉडी मास इंडेक्स' हे नावही त्यांनीच १९७२ मध्ये रूढ केलं. हिशोब त्यांचा नव्हे, तो एकोणिसाव्या शतकातल्या केटले या बेल्जियन गणितज्ञाचा, लोकसमूहांची सरासरी काढण्यासाठी केलेला. म्हणजे एकाच माणसाने दोन गोष्टी ठेवल्या : उपासमारीने माणसाचं काय होतं त्याचा जाड ग्रंथ, आणि किलोला मीटरच्या वर्गाने भागायच्या हिशोबाचं नाव. क्लिनिकच्या भिंतीवर कुठली टांगलीय? मी हे मानसशास्त्रज्ञ मॅडमना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'मी दोनदा सांगितलंय काढा म्हणून.'

आमचं एकदाच वाजलं, वजनावरून. या पद्धतीत दर आठवड्याला बैठकीतच वजन करतात, आणि पेशंटला दाखवतात. टाळत राहिलं तर आकड्याची भीती वाढते, रोज करत राहिलं तर त्याचं व्यसन लागतं, म्हणून आठवड्यातून एकदा, दोघांनी मिळून बघायचं, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, पॅसेजमध्ये ओरडून झाल्यावर आता मिळून कसलं बघायचं. शेवटी असं ठरलं की पहिले दोन महिने काट्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आकडा त्यांच्याकडेच. काटाही पॅसेजमधून उचलून त्यांच्या खोलीत पडद्यामागे आणला. नवव्या आठवड्यात मी स्वतःच वळून बघितलं. वाढलं होतं. पुढचे तीन दिवस वाईट गेले, चौथ्या दिवशी एका नवरीची सहा ब्लाउजं द्यायची होती, त्यात विसरले.

औषधाबद्दल मोठ्या मॅडमनी उगीच आशा दाखवली नाही. बुलिमियाला, म्हणजे भरपूर खाऊन मग उलट्या काढायच्या आजाराला, फ्लुओक्सेटिन चालतं, अॅनोरेक्सियाला एकटं बरं करणारं औषध नाही, खाणं हेच औषध, असं स्वच्छ सांगितलं. झोपेसाठी थोडे दिवस काहीतरी दिलं, मग बंद केलं.

आहारतज्ज्ञ मॅडमबद्दल लिहिताना हात अडखळतो. त्यांनी नवा कागद दिला, हाताने लिहिलेला. तीन जेवणं, तीन मधली खाणी, पोळीला तूप. त्या इंजिनिअरिंगवालीच्या कागदासारखाच. सॉरी म्हणाल्या नाहीत, पण कागद लिहिताना कान लाल झाले होते. तरी सवय जात नाही. चौथ्या महिन्यात सहज म्हणाल्या, 'तूप आता अर्धा चमचा केलं तरी चालेल, नाही का?' मी म्हटलं, त्या मुलीचं केलंत का अर्धा? गप्प बसल्या. पुढच्या वेळी ड्रॉवरमधून शेंगदाण्याचा लाडू काढून पुढे केला आणि आम्ही दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला. त्यांनी पूर्ण अर्धा खाल्ला, हे मी नीट बघितलं. मला वाटतं त्यांचंही काहीतरी आहे. असो.

पैशांचं सांगते. मानसशास्त्रज्ञाची बैठक १६०० रुपये. साधं अस्तराचं ब्लाउज मी साडेचारशेला शिवते, म्हणजे एका बैठकीला साडेतीन ब्लाउजं. डॉक्टर मॅडमचे १२०० वेगळे, तपासण्या वेगळ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायचं आहे, पण आमची पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावर पैसे देते. मी भरती झाले नाही, म्हणून काही मिळालं नाही. आणखी एक. या पद्धतीत वजन फार कमी असेल तर चाळीस बैठका असतात, नसेल तर वीस. मला वीसच सांगितल्या. बाराव्या बैठकीला मी कुठे पोटभर जेवायला लागले होते. पुढच्या आठ बैठकांत वीस वर्षांचं कसं उसवायचं? मांडून भांडले, तेव्हा अजून दहा वाढवल्या, महिन्यातून दोनदा. बैठकांची संख्याही काट्यावरच ठरते हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

घरचं थोडक्यात. पाळी आली. केस यायला लागलेत, कपाळावर उभे राहतात. स्वेटर माळ्यावर गेला. लोकांनी मात्र लगेच सुरू केलं, 'अगं, परत सुटलीस का?' ज्यांनी फोटो काढले त्यांनीच. क्लिनिकने यासाठी मिस्टरांना आणि मुलीला एकदा बोलावून तासभर समजावलं, त्याचे पैसे घेतले नाहीत, हा अर्धा स्टार. मुलीने त्यानंतर घरातला वजनकाटा भंगारवाल्याला दिला आणि आलेल्या पैशांची भेळ आणली.

दीड स्टार का कापला : हातांच्या खुर्च्या अजून तशाच आहेत. फॉर्म तोच आहे, मी नवा मागून बघितला. ज्युनिअर मॅडम बदलल्या, नवीन आलेलीही आधी माणसाकडे बघते आणि मग प्रश्न निवडते. आणि तो तक्ता. मागच्या खेपेला त्यावर दिवाळीचं तोरण लावलं होतं, लाल भाग तोरणाखाली गेला होता. ते ठरवून केलं की खिळा तिथेच होता म्हणून, विचारलं नाही.

जाणार असाल तर शनिवार सकाळ टाळा, फार गर्दी. मंगळवारी दुपारी निवांत असतं. लिफ्ट बंद असली तर वॉचमनला सांगा, तो मागची सुरू करतो. पहिल्या दिवशीच सांगा की मोठा बीपी पट्टा काढा, आणि आडवं-उभं दोन्ही वेळा मोजा. पैशांची अडचण असेल किंवा पहिल्यांदा नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, मराठीत बोलतात, फुकट आहे. आणि अंगाने भरलेल्या असाल तर तोंडी सांगण्यावर विसंबू नका. वर्षभरापूर्वीचा फोटो, जुना ड्रेस, आत घेतलेलं ब्लाउज, जे असेल ते पिशवीत टाका. माझं हिरवं मी गेल्या रविवारी पुन्हा काढलं होतं. चौथी टीप सहज निघाली, वाकडीच होती. तिसरी काळ्या दोऱ्याची आहे, चष्मा लावून दिवसाउजेडी उसवावी लागेल.